काळ्या जमिनीत ८ × १० च्या पत्र्याच्या शेडला स्वस्तातला पाया कोणता?

निरेकाठी
फलटण तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात आमची ११ गुंठे जागा आहे. चिकू, लिंबं, थोडा भाजीपाला. राहायला कुणी नाही, आम्ही दोघं पुण्याहून सुट्टीला जातो. अवजारं ठेवायला ८ × १० फुटांची पत्र्याची शेड करायची आहे. आत काय, तर कुदळी-फावडी, पाठीवरचा फवारणी पंप, ब्रश कटर, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि पाच-सहा गोण्या खत.

फॅब्रिकेटरने अँगलचा सांगाडा आणि पत्रे यांचा दर दिला, तो पटला. घोडं अडलंय पायापाशी. गावातला कंत्राटदार म्हणतो, "साहेब, काळी जमीन आहे. चार कॉलम घेऊ, ५ फूट खाली जाऊ, वर बीम फिरवू, मग कोबा." त्याचा आकडा अख्ख्या शेडपेक्षा मोठा. फॅब्रिकेटर म्हणतो, "पाया कशाला? अँगल दीड फूट गाडू, घमेलंभर काँक्रीट ओतू." मेहुणे म्हणतात, पेव्हर ब्लॉक अंथर आणि वर शेड ठेवून दे.

जमिनीला मे महिन्यात अशा भेगा पडतात की मागच्या उन्हाळ्यात एक खुरपं मुठीसकट आत गेलं. ते अजून तिथेच आहे. तर मंडळी, कमी पैशात टिकेल असं काय करावं?

फुकट_सल्ला
आधी एक सांगा. शेड अवजारांसाठी हवी आहे की घरातून पळून बसायला?

निरेकाठी
दोन्ही. पण पहिलं कारण घरी सांगितलंय.

चिरेबंदी
आमच्याकडे राजापूरला हा प्रश्नच पडत नाही. कातळावर माती जेमतेम वीतभर. ती खरवडायची, जांभ्याचे चिरे दोन थर लावायचे, मध्ये चिऱ्यांचे तुकडे आणि माती भरून चोपायची, झालं जोतं. चिरा घरच्याच खाणीतला असेल तर खर्च म्हणाल तर गवंड्याची मजुरी आणि चहा. दोन थर मात्र हवेतच. आमच्या पावसात जोतं बुटकं ठेवलं तर श्रावणापर्यंत गोण्यांना कोंब फुटतात.

शंकासुर
चिरेबंदी, राखण दिल्याशिवाय तुम्ही पहार उचलत नाही, तो खर्च लपवलात. कोंबडा कुणी आणला?

चिरेबंदी
राखणदाराचा तो मान आहे, खर्चात धरत नाहीत. आणि कोंबडा शेवटी कोण खातं हेही तुम्हाला माहीत आहे.

कोबेवाला
आमचा गवंडीकामाचा धंदा आहे, इंदापूर बाजूला. निरेकाठी, एवढा विचार करू नका. वरची माती काढा, रबल सोलिंग (दगडांचा थर) करा, त्यावर ४ इंची काँक्रीट, मधे ८ मिमी सळ्यांची जाळी ८ इंचांवर. ८ × १० ला ४ इंच म्हणजे २७ घनफूट माल. १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) धरला तर ६ पोती सिमेंट. एका दिवसात ओतून मोकळे. तडा गेला तर जाऊ द्या, अवजारांना काय कळतंय?

मिनेसोटाची_मावशी
आमच्या अंगणातल्या शेडला पायाच नाही! इथे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, थंडीत जमीन गोठते आणि फुगून वर येते. घराचा पाया राज्याच्या दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच खोल न्यावा लागतो, गोठणाऱ्या थराच्या खाली. बागेतल्या छोट्या शेडसाठी एवढं कोण खणतं? माती काढून ४ ते ६ इंच खडी टाकतात, सपाट करतात आणि त्यावर औषध मारलेल्या लाकडाच्या जाड तुळयांवर शेड ठेवून देतात. वाऱ्यासाठी जमिनीत स्क्रूसारखे अँकर पिळून पट्ट्याने बांधायचं. वसंतात एखादा कोपरा वर-खाली झाला की गाडीचा जॅक लावून पाचर बदलायची. यजमान दरवर्षी करतात, आणि त्यांना त्यात भयंकर आनंद होतो.

निरेकाठी, तुमचे मेहुणे तितके चुकीचे नाहीत.

निरेकाठी
मावशी, हे वाक्य मेहुण्यांना दाखवणार नाही.

ओळंबा
बांधकाम खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबेल.

इथे तीन जमिनी एकत्र कालवल्या जातायत. राजापूरचा कातळ हलत नाही. मिनेसोटाची जमीन बर्फाने हलते. फलटणची काळी माती पाण्याने हलते, पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसून उकलते. ही हालचाल वरच्या थरात असते, आणि खोल काळ्या जमिनीत तो थर साडेतीन मीटरपर्यंत असू शकतो. म्हणून तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, प्रचारात आणले. ते साधारण तेवढेच खोल नेतात.

आता तुमच्या कंत्राटदाराचे ५ फूट पाहा. म्हणजे दीड मीटर. हलणाऱ्या थराच्या मध्यावर येऊन तो थांबतोय. पैसे खोल पायाचे आणि वागणं उथळ पायाचं. त्यात बीम मातीला टेकवून फिरवला तर पावसाळ्यात माती त्याला खालून ढकलणार. काळ्या जमिनीत दोनच मार्ग परवडतात. एक, सरळ मुरूम किंवा खडक गाठायचा. दोन, वरच राहायचं आणि जमिनीबरोबर थोडं हलायला तयार व्हायचं. मावशींच्या यजमानांनी दुसरा मार्ग धरलाय.

पण मावशींची खडी इथे चालणार नाही. काळ्या मातीत खड्डा करून त्यात उघडी खडी भरली की ते पाण्याचं टाकं होतं. चहूबाजूंनी माती पाणी सोडत नाही, सगळं पाणी खड्ड्यात साठतं आणि तळाची माती महिनोन्महिने फुगत राहते. कोबेवाल्यांच्या कोरड्या सोलिंगलाही हेच लागू. त्याजागी मुरूम हवा. थोडी माती असलेला, दाबल्यावर घट्ट बसणारा, पण स्वतः न फुगणारा. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींनी काळ्या जमिनीवर काम करून न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराची पद्धत मांडली ती हीच. कालव्यांना ती वापरली गेली. तिथे थर मीटरभर जाड लागतो. तुमच्या शेडला एवढा चोख हिशेब नको.

दुसरा मुद्दा, जो अजून कुणीच काढला नाही. या शेडचं वजन कितीसं? दोन-अडीचशे किलो. ते तर जमीन हसत पेलेल. प्रश्न शेड खाली खचण्याचा नाही, वर उडण्याचा आहे. पुण्यासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किमी. फलटणलाही ढोबळ हिशेबाला तोच धरू. चौरस मीटरला ९३ किलोच्या आसपास दाब येतो. छप्पर ७.४ चौरस मीटर. म्हणजे उचल ६५०-७०० किलोपर्यंत जाऊ शकते, आणि दार उघडं राहिलं असेल तर त्याहून जास्त. फॅब्रिकेटरचं घमेलंभर काँक्रीट त्यापुढे काय करणार?

हर्णैकर
ओळंबाकाकांना +१००. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या बागेतली पंपखोली पत्रे उडून गेली असं झालं नाही. सांगाड्यासकट उठली आणि शेजारच्या पोफळीच्या बागेत जाऊन बसली. अँगलच्या पायांना काँक्रीटचे गोळे तसेच चिकटलेले, मुळा उपटल्यासारखे. पंप मात्र होता तिथे, कारण तो चार बोल्टनी ओट्याला आवळलेला होता.

शंकासुर
शेजाऱ्याने परत दिली का?

हर्णैकर
त्याच्या तेवीस सुपाऱ्या आडव्या झाल्या होत्या, त्यातल्या तीन आमच्याच खोलीमुळे. विचारायची हिंमत नाही झाली. अजून त्याच्याकडेच आहे, कोंबड्या ठेवतो.

कोबेवाला
ओळंबा साहेब, मान्य की सोलिंगमध्ये पाणी जातं. पण माझा कोबा ४ इंची आहे, त्याचं वजन किती होतं ते सांगा की. उडेल का तो?

ओळंबा
नाही उडणार. पावणेदोन टनांच्या वर जातो. शेड त्याला बोल्टने नीट आवळली तर वाऱ्याचा प्रश्न मिटला. आणि ८ × १० चा जाळी घातलेला स्लॅब छोटा असल्यामुळे एकसंध हलेल, कलला तर अख्खा कलेल. मुरमाचं जोतं करून त्यावर तुमचा स्लॅब, हा चांगला पर्याय आहे. निरेकाठींनी 'स्वस्तातला' विचारलंय, म्हणून मी त्याच्या आधी थांबतोय. कलल्यावर स्लॅब सरळ करता येत नाही, हेही आहेच.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे अकोल्याला पूर्णेच्या खोऱ्यात काळी किती खोल आहे ते विचारू नका. वडिलांचं विहिरीवरचं इंजिनघर विटांचं होतं. एका बाजूला आमचं कोरडवाहू, दुसऱ्या बाजूला काकाची ओलिताची संत्री. दरसाल भिंतीला दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जायची, आणि नेहमी ओलिताच्या बाजूने. बाबा माती-सिमेंट भरायचे, पुढच्या मे महिन्यात परत तेच. बाबा म्हणत, "जमीन श्वास घेते, तिच्या छातीवर भिंत काहून बांधता?" शेवटी विटा काढून टाकल्या आणि दगडी जोत्यावर टिनाची खोली केली. हलते अजूनही, पण टिनाला काही होत नाही. फक्त दाराची कडी दिवाळीला एका भोकात बसते आणि अक्षय्य तृतीयेला दुसऱ्या. दोन्ही भोकं पाडून ठेवली आहेत.

म्हणून निरेकाठींना विचारते, तुमच्या शेडच्या कोणत्या बाजूला पाणी देणार?

फुकट_सल्ला
दोन भोकांची कडी! पेटंट घ्या, ताई.

रानवाट
मला एक कळत नाही. पाया, मुरूम, बोल्ट एवढं सगळं करण्यापेक्षा तयार प्लास्टिकची शेड का घेत नाही? ऑनलाइन मिळते, घरी आणून जोडायची.

कोबेवाला
आणि ती कशावर ठेवायची? हवेत?

रानवाट
बरं बाबा.

गुंठामंत्री
परवानगीचं काय? शेतजमीन आहे ना? ११ गुंठ्यांची नोंद कशी झा

संपादक
गुंठ्यांच्या नोंदीसाठी वेगळा धागा आहे, तो चारशे प्रतिसादांवर आहे, तिथे जा. निरेकाठी, ग्रामपंचायतीत एकदा विचारून घ्या एवढंच. इथे पायाबद्दलच बोला.

सुगरणीची_सून
साप, विंचू, उंदीर यांचा कुणी विचार केलाय का? मावशींच्या पद्धतीने तुळयांवर शेड ठेवली तर खालच्या पोकळीत घोणस संसार थाटेल. आमच्या सासवडच्या शेतावर लाकडी फळीच्या चौथऱ्याखाली निघाली होती. मी तर म्हणते, जमिनीला टेकलेली, भोक नसलेली फरशीच हवी. आणि वाळवीसाठी मुरूम भरतानाच फवारणी करून घ्या, नंतर जमत नाही. खत थेट फरशीवर ठेवू नका, गोणीतून सुटलेलं युरियाचं पाणी लोखंड खातं. खाली फळ्या घाला.

मिनेसोटाची_मावशी
आमच्याकडे शेडखाली ससे आणि स्कंक, म्हणजे घाण वासाचा फवारा मारणारा प्राणी. स्कंक म्हणजे काय हे एकदा अनुभवलं की घोणस परवडली असं वाटेल. असो.

निरेकाठी
सगळ्यांचे आभार. आज शेतावर होतो, काही गोष्टी तपासल्या.

१. शेजाऱ्याची विहीर पाहिली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मुरूम १४ फुटांवर लागला. कठड्याच्या आतून डोकावलं तर तेवढी काळी दिसतेही. म्हणजे खाली जाण्याचा मार्ग आमच्यासाठी बंद.

२. वऱ्हाडीताई, शेडच्या मागे, पश्चिमेला, शेजाऱ्याचा ऊस आहे. मधे बांध आणि ८-१० फूट अंतर. आणि शेडच्या मागच्या भिंतीलाच ठिबकचा फिल्टर आणि व्हॉल्व्ह बसवायचा विचार होता, म्हणजे सगळं एका जागी राहील.

३. मुरूम मिळतो. ट्रॉली साधारण १ ब्रासची (१०० घनफूट). अगदी पिवळा, भुसभुशीत.

ओळंबा
फिल्टर भिंतीला लावू नका! फिल्टर धुतला की ते पाणी तुम्ही तिथेच सोडणार, व्हॉल्व्ह थेंब थेंब गळणार, आणि एक बाजू बारमाही ओली, दुसरी कोरडी. शेड कलण्याचं याहून खात्रीचं साधन नाही. फिल्टर १५ फूट लांब न्या. शक्य असेल तर शेडही बांधापासून पूर्वेकडे आणखी सरकवा. छपराचं पाणी पन्हळीने लांब सोडा.

मुरमाची परीक्षा सोपी. सुका ढेकूळ ग्लासभर पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. शेजारी काळ्या मातीचा ढेकूळ दुसऱ्या ग्लासात. सकाळी काळी फुगून पसरलेली असेल. मुरूम सुटा होऊन तळाला बसला तर घ्या, फुगला तर ट्रॉली परत पाठवा.

आता माप. शेडच्या चारी बाजूंनी फूटभर जास्त धरून १० × १२ चा दीड फूट खड्डा, त्यात मुरूम भरून जमिनीच्या वर १ फूट जोतं. एकूण अडीच फूट. दाबल्यावर ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास. सुटा मुरूम ४ ब्रास मागवा. एका वेळी ६ इंचांचा थर, पाणी शिंपडून धुम्मसाने चोपायचा. एका दिवसात अडीच फूट भरून वरून ट्रॅक्टर फिरवतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. कडेला गावातलाच काळा दगड रचा.

वाऱ्यासाठी चार कोपऱ्यांत, मुरमाच्या आतच, दीड × दीड × दोन फुटांचे काँक्रीटचे ठोकळे. प्रत्येकी साडेचार घनफूट, ३०० किलो. चारांचं मिळून १२०० किलो. उचल झेलायला पुरे. १:२:४ चा माल घेतला तर सव्वातीन पोती सिमेंट, चार पोती मागवा. ठोकळ्याच्या खाली ६ इंच मुरूम राहील, वरची बाजू जोत्याच्या पातळीला.

कोबेवाला
आणि जमीन?

ओळंबा
शहाबादी फरशी, खाली क्रशरचा कच, सिमेंट न लावता. कुठे उचलली गेली तर फरशी काढून कच सारखा करून परत बसवता येते. तुमचा धंदा बुडवतोय असं समजू नका.

कोबेवाला
फरशी पण मीच बसवतो, साहेब. पण एक गोष्ट सांगतो, ती पुस्तकात नाही. सुटी फरशी कडेला सरकते. चारी बाजूंनी एक-एक ओळ माल लावून पक्की करा, मधली सुटी ठेवा. आणि ठोकळ्यात बोल्ट ओतताना बेस प्लेटचाच, म्हणजे अँगलच्या पायाखालच्या लोखंडी पट्टीचाच, साचा करून ओता. नंतर भोकं जुळत नाहीत म्हणून पोरं बोल्ट हातोड्याने वाकवतात, मी रोज बघतो.

ओळंबा
शंभर टक्के. बोल्ट १६ मिमीचे आणि वर ४ इंच आटे मोकळे ठेवा. प्लेटच्या खाली एक नट, वर एक नट. कोपरा वर-खाली झाला की वरचा सैल करायचा, खालचा फिरवून पाणसळ लावायची, परत आवळायचं. मावशींच्या यजमानांचा जॅक आणि पाचर नको.

मिनेसोटाची_मावशी
हे त्यांना वाचून दाखवलं. गॅरेजमध्ये नट शोधायला गेलेत. धन्यवाद, ओळंबा.

शंकासुर
काम कधी काढणार? आता एप्रिल चालू आहे.

वऱ्हाडी_ठेचा
उन्हाळ्यात काढू नका! जमीन आता पूर्ण सुकून उकललेली असते. तिच्यावर भरलं की पहिल्याच पावसात भेगांमधून पाणी जाऊन सगळं फुगणार. दिवाळीनंतर वापसा आला, म्हणजे माती ना चिकट ना सुकी झाली, की खणा. तेव्हा खड्ड्याच्या भिंतीही नीट उभ्या राहतात.

ओळंबा
ताईंचं बरोबर आहे. घाई असेल तर खड्डा खणून आठ-दहा दिवस पाणी देत राहायचं, भेगा मिटल्या की ओलावा उतरू देऊन मग मुरूम भरायचा. पण थांबता येत असेल तर थांबा.

निरेकाठी
थांबतो. अवजारं इतकी वर्षं चिकूखाली निळ्या ताडपत्रीत होती, अजून एक पावसाळा काढतील. फॅब्रिकेटरशी बोललो. दोन नटांचं ऐकून म्हणाला, "साहेब, हे टॉवरला करतात." मी म्हटलं, टॉवर समज. प्लेटसाठी थोडे जास्त मागतोय, देऊन टाकतो. कंत्राटदाराच्या कॉलम-बीमच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शात सगळं बसतंय असं दिसतंय, मुरूम चोपायच्या मजुरीसकट. मुरमाची ग्लास-परीक्षा झाली, पास. काळ्याच्या ग्लासात सकाळी बायकोने चमचा घातला आणि विचारलं हे काय आहे. सांगितलं.

आता एकच राहिलं, दार कोणत्या बाजूला?

रानवाट
वास्तूप्रमाणे उत्तर किंवा पूर्व.

हर्णैकर
वास्तू राहू दे. पूर्वेलाच करा, पाऊस पश्चिमेकडून मारतो म्हणून. बाहेर उघडणारं, आणि आतून-बाहेरून दोन्हीकडे कडी. वाऱ्यात उघडं राहिलेलं दार काय करतं ते आमच्या शेजारच्या कोंबड्यांना विचारा.

वऱ्हाडी_ठेचा
कडीला भोकं दोन.